एका महिन्याचा कारभारी

दुब्रोव्निकच्या पश्चिम दरवाजाबाहेर, समुद्रातून सदतीस मीटर वर आलेल्या कड्यावर लोवरियेनात्स नावाचा किल्ला उभा आहे. बाहेरच्या बाजूच्या त्याच्या भिंती काही ठिकाणी बारा मीटर जाड आहेत. शहराकडची भिंत मात्र जेमतेम साठ सेंटिमीटरची. ती बांधताना दगड कमी पडला असे कुणाला वाटेल, पण हिशेब वेगळाच होता. किल्ल्यातला एखादा सरदार उद्या फितूर झाला, तोफा गावाकडे फिरवून मीच धनी म्हणू लागला, तर गावाला ती भिंत पाडता आली पाहिजे. परक्यांपासून रक्षण करणारे किल्ले जगभर आहेत. आपल्याच किल्लेदारापासून रक्षणाची तजवीज बांधकामात करून ठेवणारे गाव विरळा.

आज क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला असलेले हे शहर जुन्या कागदपत्रांत रागुसा या नावाने येते. १३५८ ते १८०८ अशी साडेचारशे वर्षे ते एक प्रजासत्ताक म्हणून नांदले. समोर व्हेनिस, पाठीशी ऑटोमन साम्राज्य, वर हंगेरी आणि पुढे हाब्सबुर्ग घराणे. यांपैकी कुणीही मनात आणले असते तर चार दिवसांत गावाचा निकाल लागला असता. तटबंदीच्या आतली वस्ती काही हजारांची, लढाऊ फौज म्हणावी अशी नाहीच. तरी हे गाव टिकले. ते का टिकले याचे उत्तर शोधायला तटावर जाण्याआधी खाली उतरून रेक्टरच्या वाड्यात शिरावे, असे मला वाटते.

१२०५पासून दीडशे वर्षे दुब्रोव्निकवर व्हेनिसचा अंमल होता आणि कारभार व्हेनिसने धाडलेल्या सरदाराच्या हाती असे. १३५८ साली झादरच्या तहाने व्हेनिसला दाल्मेशियाचा किनारा सोडावा लागला. दुब्रोव्निकने हंगेरीच्या राजाचे नावापुरते वर्चस्व मान्य केले आणि घरचा कारभार आपल्या हाती घेतला. प्रमुखाला ते क्नेझ म्हणत, लॅटिनमध्ये रेक्टर. त्याची मुदत ठरली एक महिना. महिनाभर तो वाड्यातच राहायचा. सरकारी कामाखेरीज बाहेर पडायला बंदी. रात्री शहराचे दरवाजे बंद झाले की किल्ल्या त्याच्याकडे यायच्या, सकाळी पुन्हा न्यायच्या. महिना संपला की तो आपल्या घरी, आणि पुढची दोन वर्षे त्या जागेवर त्याची निवड नाही. शहराच्या किल्ल्या ज्याच्या ताब्यात, तो स्वतःच वाड्यात कोंडलेला! सरदारांच्या महासभेच्या दालनाच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलेले आहे की आत येताना खासगी गोष्टी विसरा, सार्वजनिक गोष्टींची काळजी घ्या.

या वाड्याच्या चौकात एक अर्धपुतळा आहे, मिहो प्रात्सात या दर्यावर्दी व्यापाऱ्याचा. लोपुद बेटावरचा हा माणूस सरदार घराण्यातला नव्हता. जहाजांवर अमाप पैसा मिळवला आणि मरताना मोठी संपत्ती प्रजासत्ताकाच्या नावे करून गेला, म्हणून १६३८ साली त्याचा पुतळा बसवला. प्रजासत्ताकाने आपल्या नागरिकाचा उभारलेला हा एकमेव पुतळा. इतक्या वर्षांत किती मुत्सद्दी झाले, किती विद्वान झाले. परमाणूंविषयीच्या आपल्या सिद्धान्ताने युरोपभर गाजलेला रुजेर बोश्कोविच १७११मध्ये इथेच जन्मला. पण कुणालाही दगडात उभे करायचे नाही, हा त्यांचा दंडक. एकाचा पुतळा झाला की उद्या त्याचे घराणे डोक्यावर बसेल, ही भीती.

हे सारे वाचून भारावून जाताना एक गोष्ट विसरू नये. महासभेत बसण्याचा हक्क मोजक्या सरदार घराण्यांचा होता आणि १३३२ साली ती यादी बंद झाली. बाहेरच्याला आत येण्याची वाट जवळजवळ नव्हतीच. मारिन द्रझिच हा दुब्रोव्निकचा थोर नाटककार. त्याची प्रहसने आजही रंगभूमीवर होतात. १५६६ साली त्याने फ्लॉरेन्सच्या कोझिमो मेदिचीला पत्रे लिहून या सरदारांची सत्ता उलथून टाकायला मदत मागितली. उत्तर आले नाही आणि पुढच्याच वर्षी तो व्हेनिसमध्ये वारला. एकमेकांवर इतकी करडी नजर ठेवणाऱ्या सरदारांवर नजर ठेवायला खालच्या माणसाकडे काहीच साधन नव्हते. या राज्याचे हे उणेपण मला मोठे वाटते.

तरीही त्यांच्या सावधपणाने जगाला काही कायमचे दिले. १३४८च्या प्लेगने दुब्रोव्निकची दाणादाण उडवली होती. त्यानंतर साथ पुन्हापुन्हा येत राहिली. इतर शहरांपुढे सोपा मार्ग होता: दरवाजे बंद करायचे, आजाऱ्यांना हाकलायचे. दुब्रोव्निकचे पोट मात्र व्यापारावर. बाल्कन प्रदेशातल्या खाणींची चांदी, कातडी, मेण खाली उतरायचे आणि इटलीचे कापड वर जायचे. बंदर बंद केले तर प्लेगआधी उपासमारीने मरायची वेळ. २७ जुलै १३७७ रोजी महासभेने मधला मार्ग काढला. साथ असलेल्या मुलखातून येणाऱ्याने आधी मर्कान नावाच्या ओसाड बेटावर किंवा त्साव्तात गावात एक महिना काढायचा, मगच शहरात पाऊल टाकायचे. गावातल्या कुणी परवानगीशिवाय तिकडे जाऊन त्यांना अन्न पोचवले तर त्यालाही तिथेच महिनाभर ठेवायचे. मोडणाऱ्याला दंड. रोग अंगात दडून बसू शकतो आणि दिसायला वेळ लागतो, एवढी एकच गोष्ट त्यांनी निरीक्षणाने हेरली होती. रोगजंतूंचा शोध लागायला अजून पाचशे वर्षे होती. निरोग्यालाही काही काळ वेगळे ठेवून बघण्याचा कायदा म्हणून आज ज्ञात असलेला हा सगळ्यात जुना. पुढे इतरत्र ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि २०२० साली आपल्याकडे खेड्यापाड्यांत क्वारंटाइन हा शब्द पोचला, त्याचा उगम त्या चाळिसात आहे.

कायदा करून ते थांबले नाहीत. १३९० साली या नियमांवर देखरेखीसाठी अधिकारी नेमले. पुढे पूर्वेच्या प्लोचे दरवाजाबाहेर लाझारेती, म्हणजे विलगीकरणाच्या इमारतींची रांग उभी राहिली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस काम निघाले आणि सतराव्या शतकात पुरे झाले. बाल्कनमधून खेचरांच्या तांड्यांनी येणारा माल आणि माणसे इथे उतरत. माल उन्हावाऱ्यात पसरून ठेवत, माणसे आवारात दिवस मोजत. या दगडी इमारती अजून धडधाकट आहेत आणि आता तिथे नाचगाण्याचे कार्यक्रम होतात.

गावाच्या काळजीची आणखीही उदाहरणे आहेत. फ्रान्सिस्कन मठातले औषधालय १३१७चे, आणि मठाच्या आवारात आजही औषधांचे दुकान चालू आहे. १४१६मध्ये गुलामांच्या व्यापाराला बंदी झाली. १४३२मध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम निघाला. मूल आणून ठेवणाऱ्या आईचा चेहरा दिसू नये म्हणून तिथे भिंतीत फिरते चाक बसवले होते. पाण्याची कथाही त्याच काळातली. पावसाचे पाणी टाक्यांत साठवून गाव भागवत असे. दुष्काळात हाल होत. महासभेने नेपल्सकडच्या ओनोफ्रियो दे ला कावा या स्थापत्यकाराला बोलावले. त्याने शुमेत इथल्या झऱ्यापासून सुमारे बारा किलोमीटरचा पाट डोंगराच्या कडेकडेने काढला आणि १४३८मध्ये पाणी गावात खेळवले. पश्चिम दरवाजातून आत येताच समोर दिसते ते त्याचे गोल घुमटाचे कारंजे. सोळा बाजूंना सोळा कोरीव मुखवटे, प्रत्येकाच्या तोंडून धार. उन्हाने कावलेले प्रवासी आजही तिथे बाटल्या भरून घेतात.

कारंज्यापासून सुरू होतो स्त्रादून, गावकऱ्यांच्या भाषेत प्लात्सा. जेमतेम तीनशे मीटरचा हा रस्ता पायांनी घासून घासून असा गुळगुळीत झाला आहे की पावसात त्यावर दिवे उतरल्यासारखे दिसतात. एके काळी इथे खाडी होती. एका बाजूला खडकावर लॅटिन बोलणाऱ्यांची वस्ती, पलीकडे डोंगरउतारावर स्लाव लोकांची. खाडी बुजवली आणि दोन गावांचे एक झाले. शत्रूंनी उद्ध्वस्त केलेल्या एपिदाउरुममधून, म्हणजे आजच्या त्साव्तातमधून, सातव्या शतकात पळून आलेल्यांनी हे गाव वसवले अशी परंपरागत कथा आहे. पण कॅथेड्रलखाली झालेल्या उत्खननात त्याआधीच्या वस्तीचे अवशेष निघाल्याने गावाचे वय आणखी मागे गेले आहे.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, घड्याळाच्या मनोऱ्यासमोर, ओरलांदोचा स्तंभ आहे. १४१८ सालचा. हातात तलवार घेतलेला हा दगडी योद्धा स्वतंत्र शहराची खूण. इथेच फर्माने वाचली जात, इथेच गुन्हेगारांना शिक्षा होई. पण बाजारातल्या बाईमाणसाला त्याचा उपयोग वेगळा होता. ओरलांदोच्या उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग म्हणजे दुब्रोव्निकचा कापड मोजण्याचा हात, ५१.२ सेंटिमीटर. तेवढीच रेघ पायथ्याच्या दगडावरही कोरलेली. दुकानदाराने माप मारले असे वाटले तर गिऱ्हाइकाने कापड घेऊन थेट यायचे आणि त्या रेघेवर पसरून बघायचे. दाद मागायला कुणाच्या पाया पडायला नको.

शेजारच्या स्पोंझा वाड्यात जकातीचे ठाणे होते. १५१६ ते १५२२ या काळात बांधलेल्या या वास्तूच्या चौकात जिथे सरकारी तराजू टांगलेला असे, त्या कमानीवर व्यापाऱ्याला बजावले आहे की आमची वजने फसवू देत नाहीत, आणि मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. आज याच वाड्यात शहराची जुनी दप्तरे आहेत. साडेचारशे वर्षांच्या कारभाराची नोंद, सभांचे ठराव, विम्याचे करार, इच्छापत्रे. हिशेब लिहून ठेवण्याची या गावाला हौसच होती. बेनेदिक्त कोत्रुल्येविच या इथल्या व्यापाऱ्याने १४५८ साली व्यापारावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात दुहेरी जमाखर्चाची पद्धत सांगितली. इटलीतल्या लुका पाचोलीचे प्रसिद्ध पुस्तक १४९४चे. कोत्रुल्येविचचा ग्रंथ छापून यायला १५७३ उजाडले, म्हणून श्रेय पाचोलीकडे गेले.

ऑटोमनांशी या गावाने जे केले त्याला कुणी मुत्सद्देगिरी म्हणेल, कुणी लाचारी. मला ते शहाणपण वाटते. पंधराव्या शतकात एकामागून एक बाल्कन राज्ये सुलतानाने गिळली तेव्हा दुब्रोव्निकने पाण्यात राहून माशाशी वैर धरले नाही. खंडणी देऊ केली. १४५८मध्ये दीड हजार दुकाते, वाढत वाढत १४८१च्या सुमारास साडेबारा हजार, आणि मग तोच आकडा कायम झाला. दरवर्षी दोन सरदार ती रक्कम घेऊन खुश्कीच्या मार्गाने इस्तंबूलला जात आणि पुढची जोडी येईपर्यंत वर्षभर तिथेच राहत. बदल्यात साम्राज्यभर व्यापाराची मुभा आणि इतरांपेक्षा कमी जकात. तिकडे ख्रिस्ती जगाने बोट दाखवू नये म्हणून मुसलमानांशी व्यापाराची परवानगी १४३३मध्येच बाझेलच्या धर्मपरिषदेकडून मिळवून ठेवलेली. खंडणी देणारे हे गाव सुलतानाचे दास होते का? कागदोपत्री होते. पण सुलतानाचा एकही सैनिक तटाच्या आत कधी राहिला नाही, आणि लोवरियेनात्सच्या दरवाजावर कोरलेले वाक्य म्हणते की जगातले सगळे सोने दिले तरी स्वातंत्र्य विकायचे नाही.

या राजकारणाचा एक धागा थेट आजच्या नकाशापर्यंत येतो. ऑटोमनांपेक्षा दुब्रोव्निकला व्हेनिसची धास्ती अधिक. १६९९च्या कार्लोवित्स तहाच्या वेळी या मंडळींनी खटपट करून आपल्या दोन्ही बाजूंना समुद्रापर्यंतची एकेक पट्टी ऑटोमनांकडे राहील अशी व्यवस्था केली. व्हेनिसशी सामाईक सीमाच उरली नाही. तीनशे वर्षे उलटली, तिन्ही राज्ये लयाला गेली, पण उत्तरेची पट्टी राहिली. तिथले नेउम गाव म्हणजे बोस्निया-हर्जेगोव्हिनाचा समुद्रकिनारा. या वीसेक किलोमीटरच्या तुकड्याने क्रोएशियाचे दोन भाग केले. दुब्रोव्निकहून आपल्याच देशाच्या राजधानीला जायचे तर दोनदा सरहद्द ओलांडावी लागे. अखेर जुलै २०२२मध्ये पेल्येशात्सचा पूल खुला झाला आणि नेउमला वळसा घालून जाता येऊ लागले.

६ एप्रिल १६६७च्या सकाळी, ईस्टरच्या आठवड्यात, भूकंपाने गाव होत्याचे नव्हते केले. मृतांचे अंदाज दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत. रेक्टर शिमुन गेताल्दिच ढिगाऱ्याखाली गेला. मग आग लागली, आगीमागून लुटारू आले. त्या दिवसातला एक माणूस मला विसरता येत नाही. मारोयित्सा काबोगा. याने १६६२ साली आपल्या सासऱ्याचा खून केला होता आणि तो अंधारकोठडीत शिक्षा भोगत होता. भूकंपाने भिंती पडल्या आणि तो बाहेर आला. पळून जाऊ शकला असता. त्याने माणसे गोळा केली, लुटारूंना आवरले, दरवाजांवर पहारे बसवले. पुढे प्रजासत्ताकाने त्याचा गुन्हा पोटात घालून त्याला वकील म्हणून इस्तंबूलला धाडले. वजीर कारा मुस्तफाने मोडलेल्या गावाकडून अवाढव्य रक्कम मागितली होती. ती नाकारल्याबद्दल काबोगा तिथल्या तुरुंगात पडला. त्याच पेचात दुसरीकडे गेलेला वकील निकोला बुनिच १६७८मध्ये सिलिस्त्राच्या कैदेत मेला. पुढे १६८३मध्ये व्हिएन्नापुढे तुर्की फौज हरली आणि गावाच्या गळ्याचा फास सुटला.

आज स्त्रादूनवर दिसतात ती घरे या भूकंपानंतरची. सगळी एका उंचीची, एका घडणीची, कारण सभेने तसेच ठरवले. तळमजल्यावर दुकाने. प्रत्येक दुकानाची कमान एकच, पण तिच्यात अर्धे दार आणि अर्धी खिडकी. खिडकीची पट्टी कमरेएवढी उंच, तोच दुकानदाराचा फळा. आत गिऱ्हाईक येण्याची गरज नाही, देवघेव उभ्या उभ्या रस्त्यावरून.

भूकंपाआधीचे गाव कसे होते हे पाहायचे तर संत व्लाहोच्या, म्हणजे सेंट ब्लेझच्या, चर्चमध्ये जावे. त्याची पंधराव्या शतकातली सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची मूर्ती १७०६मध्ये जुने चर्च जळाले त्यातूनही वाचली. संताच्या हातात अख्खे शहर आहे: तट, बुरूज आणि भूकंपात पडलेले जुने कॅथेड्रल. अभ्यासकांना हे छोटे शहर नकाशाइतकेच उपयोगी पडले.

आर्मेनियातला हा बिशप दुब्रोव्निकचा रक्षणकर्ता कसा झाला याची दंतकथा ९७२ सालात जाते. व्हेनिसची जहाजे पाणी-शिधा भरण्याच्या मिषाने लोक्रुम बेटाजवळ थांबली होती. रात्री पांढऱ्या दाढीच्या वृद्धाच्या रूपात संताने धर्मगुरू स्तोयकोला गाठून सांगितले की हे हल्ल्याच्या तयारीने आलेत, तटावर माणसे चढवा. तेव्हापासून ३ फेब्रुवारी हा त्याचा सण. आदल्या दिवशी चर्चपुढे पांढरी कबुतरे सोडतात. सणाच्या सकाळी आसपासच्या गावांतून पारंपरिक पोशाखातले लोक भलेमोठे रेशमी झेंडे घेऊन येतात आणि संताच्या अस्थी सोन्या-चांदीच्या वेष्टनांतून मिरवतात. त्रोंबून नावाच्या आखूड बंदुकांचे बार उडतात. भाविक रांगेने धर्मगुरूपुढे येतात. तो दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून त्यांच्या गळ्याला टेकवतो आणि घशाच्या दुखण्यांपासून रक्षणाचा आशीर्वाद देतो. घरी मांसाच्या दाट रश्श्यात घोळलेली मॅकरोनी, श्पोर्की माकारुली, हे त्या दिवसाचे जेवण. प्रजासत्ताकाच्या काळी सणाच्या आगेमागे काही दिवस हद्दपार माणसांनाही गावात बिनधोक येता येई. कडक कायद्याचे गाव, पण घरच्या सणाला आपल्या माणसाला वेशीबाहेर ठेवायचे नाही, ही त्यामागची माया. युनेस्कोने २००९मध्ये या सणाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

हा संत गोव्यातही आहे. कुंभारजुव्याच्या अलीकडे, जुने गोवेजवळच्या गवंडाळी गावात साव ब्राझ चर्च आहे. ब्लेझचेच ते पोर्तुगीज रूप. सोळाव्या शतकात मसाल्याच्या व्यापारासाठी आलेल्या दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांनी ते उभारले अशी परंपरा दुब्रोव्निकमध्ये अभिमानाने सांगितली जाते. इतिहासकारांत यावर वाद आहे आणि भक्कम कागद पुढे यावा असे काहींचे म्हणणे आहे. व्यापारी तिथवर पोचणे मात्र त्या काळात मुळीच अशक्य नव्हते.

प्रजासत्ताकाचा शेवट लढाईने झाला नाही. १८०६च्या मे महिन्यात नेपोलियनचा सेनापती लोरिस्तों फौजेसह दारात आला आणि विसाव्याला आत शिरला तो तिथेच राहिला. ३१ जानेवारी १८०८ रोजी फ्रेंच सेनापती मार्मोंने सभा बरखास्त केली. व्हिएन्नाच्या परिषदेत गाव ऑस्ट्रियाकडे गेले, पुढे युगोस्लाव्हियात.

तटबंदीवर तोफांचा खरा मारा झाला तो आपल्या डोळ्यांदेखत. १९७९पासून जागतिक वारसा असलेल्या या गावाला १ ऑक्टोबर १९९१पासून युगोस्लाव्ह सैन्याने वेढा घातला. वीज गेली, पाणी गेले. साडेपाचशे वर्षांपूर्वी ओनोफ्रियोने सोडवलेला पाण्याचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. ६ डिसेंबरचा दिवस सगळ्यात वाईट. जुन्या गावातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना त्या वेढ्यात गोळे लागले, नऊ वाडे जळून खाक झाले. कड्याकपारीतल्या लष्करी ठाण्यांना सोडून कुणी छपरे आणि चर्चे फोडावीत, याचा राग आजही येतो. हेगच्या न्यायाधिकरणाने पुढे दोन सेनाधिकाऱ्यांना या हल्ल्यासाठी दोषी ठरवले. तटावरून खाली पाहिले तर छपरांचे दोन रंग दिसतात. फिकट, डागाळलेली पिवळसर कौले जुनी. भडक नारिंगी ती युद्धानंतरची, आणि तीच जास्त.

आता वेढा पडतो तो पाहुण्यांचा. १,९४० मीटरच्या तटावर उन्हाळ्यात मुंगीच्या पावलाने रांग सरकते. भाडी वाढली, किराणा दुकानांच्या जागी आइस्क्रीम आले आणि १९९१च्या सुमारास पाच हजारांच्या घरात असलेली तटाआतली वस्ती दीड हजारांच्याही खाली उतरली आहे. पालिकेने २०१९पासून दिवसाला दोनच क्रूझ जहाजे आणि एका वेळी चार हजारच प्रवासी असा नियम केला. अलीकडे जुन्या गावात पर्यटकांना घर भाड्याने देण्याचे नवे परवाने बंद केले आहेत. तटाच्या आतली घरे स्वतः विकत घेऊन ती मुलाबाळांच्या कुटुंबांना परवडणाऱ्या भाड्याने देण्याची योजनाही तिने हाती घेतली आहे.